चार पावलं लंगडत

"लेकराच्या देखत जपून वागत जाय गं. ती बघतीय तसंच करायलीय," असं माझ्या सासूबाई, गोजरबाई, मला सारखं सांगायच्या. मी त्यांना आत्या म्हणते. मी हसून सोडून द्यायचे. बीएस्सी झालेय, बाळाच्या वाढीवरची दोन जाड पुस्तकं वाचलीत. मला कशाला शिकवतात, असं वाटायचं.

पेडगावहून मी रोज परभणीला जाते. तिथं जनावरांच्या हाडांवर संशोधन करणारी लॅब आहे. पाय मोडलेल्या शेळ्या येतात, मोडल्या जागी हाड लवकर भरावं म्हणून डॉक्टर विजयमाला नवीन औषधाचा लेप भरतात. मग दर आठवड्याला शेळीला एका चटईवरून चालवायचं. कुठल्या पायावर किती भार पडला, ते कॉम्प्युटरवर उमटतं. ते टिपून ठेवायचं काम माझं. त्यामुळं कुणी समोर आलं की माझी नजर आधी पायाकडं जाते.

तर एका रविवारी माझी तीन वर्षांची राजनंदिनी उजवा पाय ओढत चालताना दिसली. ताप नाही, सूज नाही, गुडघा दाबला तर खिदळायची. नवरा, अंगद, म्हणाला दोन दिवस बघू. मला कुठला दम निघतो? सोमवारीच हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पायाचा एक्स-रे काढून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी पोरगी पुन्हा लंगडली.

दुसऱ्या दिवशी तिला लॅबमध्येच घेऊन गेले. शेळ्या सांभाळणारे रंगनाथमामा म्हणाले, पोरगी शेळीची नक्कल करायलीय. पण तिनं मागं इथं पाहिलेल्या शेळीचा मोडलेला पाय डावा, आणि तोही आता भरलेला. चटईवर राजनंदिनी दुडुदुडु पळाली. दोन्ही पायांचा भार सारखा. मग शेळीला पाला चारायला खाली बसली, आणि उठताना उजव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अगं माय गं." चार पावलं लंगडली आणि लगेच पळत सुटली.

रंगनाथमामा पोट धरून हसले. विजयमाला मॅडम हसल्या नाहीत. "नक्कलच आहे ही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या घरात असं कोण उठतं?"

शेळ्यांची पावलं रोज टिपणाऱ्या मला घरातलं कोण कसं उठतं ते ठाऊक नव्हतं, याचीच लाज वाटली.

त्या संध्याकाळी दारात बसून बघत राहिले. आत्यांनी भाकरी उरकल्या, उठताना उजव्या गुडघ्यावर हात टेकला, "अगं माय गं" म्हणाल्या आणि चार पावलं लंगडत गेल्या.

"आत्या, कधीपासून दुखतंय?"

"दोन वरसं झाली असतील. तू दिसभर शेळ्यांचे पाय बघून दमून येतीस. आनखी माझा कुठं दाखवू?"

आत्यांना त्याच हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं, तर आयुष्यभर ऊसतोडीच्या मोळ्या वाहून गुडघ्यातली गादी झिजली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला, खाली बसायचं बंद केलं. अंगदनं चूल ओट्यावर घेतली. आता आत्या रोज सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ करतात, दहापर्यंत मोजतात. शेजारच्या पाटावर राजनंदिनीही पाय ताणते. तिचे आकडे तीननंतर एकदम नऊवर जातात. परवा आत्या म्हणाल्या, "ने की मला बी तुझ्या चटईवर. शेळीपेक्षा बरी चालंन मी."

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज ते खालून उठताना जरा बघा. विचारू नका, विचारलं की न्हाई म्हणतात. नुसती पहिली चार पावलं बघा.