वाटीभर साखर

"पैसे येऊ देत गं, चांगलंच होईल. पण माणसं एकमेकांच्या दारात यायची थांबतील. त्या म्हातारीवर लक्ष ठेव," असं सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि मी मुलीचे लंगोट पिळता पिळता "काहीतरीच काय आई!" म्हणून ते उडवून लावलं होतं.

तेव्हा सासूबाईंच्या तोंडात मोजून दोन दात होते आणि त्यांचं निम्मं बोलणं हवेतच विरायचं. शिवाय मला दुसऱ्याच काळज्या होत्या. काळजी हा माझा पूर्णवेळचा धंदाच म्हणा ना. मुलगी झोपली की ती श्वास घेतेय का बघायचं, जागी झाली की जास्तच जागी का आहे ते बघायचं. तिचं वजन वाढत नव्हतं. घरात तिला सगळे 'काडी' म्हणायचे आणि मला ते सुईसारखं टोचायचं.

योजना अशी होती की गावातल्या प्रत्येक घरातल्या बाईच्या फोनवर दर महिन्याला थेट पैसे येणार. कशावर खर्च केले हे कुणी विचारणार नाही. ते सांगायला आलेल्या ताईंना न्हाव्याने विचारलं, "बदल्यात काय करायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे नेमकं काय काय?"

त्या बिचाऱ्या परत पहिल्यापासून सांगायला लागल्या. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदवीधर, तेही समाजशास्त्राची, म्हणजे मला आतली गोष्ट माहीत असणारच. मी मान डोलावली. खरं तर माझाही विश्वास बसला नव्हता.

ज्या म्हातारीबद्दल सासूबाई बोलत होत्या ती टोपलीआजी. आमच्या भिंतीला तिची भिंत. वेताच्या टोपल्या विणून विकायची. मागे ना पुढे कुणी. रोज सकाळी माझी चूल पेटली की ती दारात हजर, हातात काठाला पोचा आलेली वाटी.

"सूनबाई, वाटीभर साखर दे गं. उद्या आणून देते."

हे 'उद्या' कधी उजाडायचं नाही, पण वाटी मात्र रिकामी परत यायची नाही. कधी परसातल्या चार शेंगा, कधी वेताच्या काड्यांचा खुळखुळा. साखर घेतली की निघून जायची असंही नाही. उंबऱ्यावर बसायची, काडीला मांडीवर घ्यायची, पाय ओढून बघायची. "हिला ऊन दे," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी, "कशाला उन्हात काढतेस पोरीला?" मी वैतागायचे. आमच्याच डब्यात साखर तळाला गेलेली असायची. वाटी भरली की वरचा ढीग मी बोटाने हळूच परत डब्यात सारायचे. आजी तेवढ्यात बाहेर बघायची. मला वाटायचं, तिला काही दिसलं नाही.

मग खरंच पैसे आले.

पहिल्यांदा आले तेव्हा सगळं गाव गप्प होतं, कुणीतरी येऊन परत मागेल म्हणून. दुसऱ्यांदा आले तेव्हा दुकानदाराचा सूर बदलला. "काय पाहिजे?"चं "काय देऊ ताई?" झालं. तिसऱ्यांदा आले आणि न्हाव्याने गोल फिरणारी खुर्ची आणली. गावातल्या पोरांचे केस एवढे वेळेवर कधीच कापले गेले नव्हते.

आमचे हे वर्षातले निम्मे महिने लांब वीटभट्टीवर असायचे. घरी आले की मुलगी त्यांना पाहुणा समजून भोकाड पसरायची. आता त्यांनी पान्हे, पंप आणि पंक्चरचं सामान घेतलं आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली सायकल दुरुस्ती सुरू केली. संध्याकाळी काळे हात घेऊन घरी येतात आणि मुलगी त्या काळ्या हातांकडेच झेपावते. तिला रोज अंडं मिळायला लागलं आणि बघता बघता काडीची 'ढब्बू' झाली. हे नाव मला अजिबात टोचत नाही.

सासूबाईंनी कवळी बसवून घेतली. आधी त्या हसताना पदर तोंडावर घ्यायच्या. आता उगाचच हसतात, कधीकधी मयताच्या घरीही. उरलेल्या पैशांत त्यांनी रेडिओ आणला आणि तो दिवसभर चालू असतो. "इतकी वर्षं या घरात माझंच ऐकू यायचं नाही," म्हणतात, "आता जगाचं ऐकू दे."

आणि टोपलीआजी? तिने धूर न होणारी शेगडी घेतली. दाराला आतून जाड लोखंडी कडी बसवून घेतली. "आता चोरण्यासारखं काहीतरी आहे ना घरात!" अंगणात खांबावर उन्हावर चालणारा दिवा लावून घेतला. कडी आणि दिवा दोन्ही आमच्या ह्यांनीच बसवून दिले. मी त्या दिवशी मुलीला लस टोचायला घेऊन गेले होते. आणि एका सकाळी ती वाटी न घेता आली. हातात साखरेचा डबा, काठोकाठ.

"बघून घे. आता तुझी साखर नको आणि तुझं बोट नको."

"कसलं बोट आजी?"

"पाहिलंय हो मी तुझं बोट. डोळे गेलेत, पण एवढेही नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तीच एवढी खो खो हसली की मलाही हसू फुटलं. जाताना म्हणाली, "कुणाच्या दारात हात पसरायला लागू नये, एवढंच मागत होते मी आयुष्यभर." ताठ चालत गेली. मला फार बरं वाटलं तेव्हा. आजही वाटतं.

त्यानंतर ती सकाळची यायची बंद झाली. तिच्याकडे साखर होती, येईल कशाला? मीही गेले नाही. पण मी लक्ष ठेवून होते बरं का. पूर्वी तिच्या छपरातून निघणारा धूर बघितला की कळायचं, उठली. आता धूर नव्हता, तर मी दिवा बघायचे. तिन्हीसांजेला ढब्बूला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहायचे. पलीकडे उजेड पडला की म्हणायचे, "लागला बघ आजीचा दिवा! आजी ठणठणीत." ढब्बू टाळ्या वाजवायची. सासूबाईंनाही मी एकदा ऐकवलं, "रोज लक्ष असतं माझं. दिवा लागल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही." त्या रेडिओ ऐकत होत्या.

मग एका दुपारी आभाळ भरून आलं आणि घरात काळोख झाला. आमचे हे दुकान आवरून जेवायला आले होते. मी खिडकीतून बघते तो आजीचा दिवा लागलेला.

"बघा, म्हातारी कशी उधळी झालीय," मी म्हटलं. "भर दुपारी दिवा लावून बसलीय."

"ती कशाला लावतेय," हे घास तोंडात घेऊन म्हणाले. "तो आपला आपणच लागतो. अंधार झाला की लागतो, उजाडलं की विझतो. बटणच नाही त्याला."

"काय?"

"अगं, सांगितलं नव्हतं का तुला?"

मी वाढायची भाकरी तशीच खाली ठेवली. इतके दिवस मी कुणावर लक्ष ठेवत होते? एका खांबावर!

"आजीला शेवटचं कधी पाहिलंत तुम्ही?"

"मी? तू तर रोज बघतेस ना?"

ढब्बूला उचलून मी तशीच अनवाणी धावले. रस्त्यावरच शेळ्या हाकत येणारी सुईण भेटली. "टोपलीआजी? तुमच्याकडेच असेल की," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या ढब्बूच्या नादात माझ्याकडे फिरकत नाही." समोर न्हावी खुर्ची पुसत आपल्या दुकानाच्या दारात उभा होता. त्यालाही वाटलं होतं की ती सुईणीकडे असेल. प्रत्येकाच्या मनात आजी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी सुखात चहा पीत बसली होती.

दार आतून बंद. मी ते धडाधड वाजवलं, हाका मारल्या. काही नाही. ढब्बू रडायला लागली. मागून हे आले, दाराला खांदा दिला. दार हललंही नाही.

"कडी पक्की बसलीय," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती आणि, देवा, थोडा अभिमानही होता.

"कौतुक नंतर करा! तोडा!"

त्यांनी पहार आणली. पहिला घाव बसला आणि आतून खरखरीत आवाज आला, "तोडू नकोस रे मेल्या, नवी आहे!"

आयुष्यात कुठलीही शिवी मला इतकी गोड लागली नाही. मी तिथेच मटकन बसले आणि ढब्बूच्या डोक्यावर रडले. ह्यांनी मग शहाणपणाने बाहेरून बिजागऱ्या काढल्या आणि दार कडीसकट उचलून बाजूला ठेवलं.

आजी जमिनीवर, भिंतीला टेकून बसलेली. घोटा सुजून टोपलीएवढा. आजूबाजूला साखरच साखर आणि मुंग्यांची ही रांग. वरच्या फळीवरचा डबा काढायला ती स्टुलावर चढली होती. स्टूल, आजी आणि डबा तिघंही खाली आली ती परवा. कडीपर्यंत सरकता आलं, पण उभं राहून ती काढता येईना. पाण्याचा माठ तेवढा हाताशी होता.

"खाल्लं काय मग?" मी विचारलं.

"साखर. अर्धी मी, अर्धी मुंग्यांनी. माझी स्वतःची होती, कुणाला विचारायचं नव्हतं."

"हाक नाही का मारायची आजी!"

"मारल्या की. घसा बसेस्तोवर मारल्या. तुमच्या घरात बातम्या चालू होत्या. मग गाणी लागली. मग शेळ्यांना कसला चारा द्यावा ते सांगितलं. सगळं ऐकून घेतलं मी."

सासूबाई एव्हाना दारात येऊन उभ्या होत्या. कवळी बसवल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं पाहिलं. त्या वळल्या, आणि आमच्या घरातला रेडिओ बंद झाला. अचानक गाव केवढं शांत असतं ते ऐकू आलं.

पुढचं मात्र पटापट झालं, आणि ते पैशांमुळेच झालं, हे मला सांगितलंच पाहिजे. न्हाव्याच्या वडिलांची मांडी मोडली होती तेव्हा आम्ही घरोघर झोळी फिरवली होती, आणि झोळी भरेपर्यंत हाड वाकडं जुळून गेलं होतं. ते शेवटपर्यंत लंगडत चालले. आजीसाठी लगेच जीप आली. चालकाने भाड्याचं विचारायला तोंड उघडलं, तर आजीच म्हणाली, "माझे मी देणार आहे. पुढे बसव मला, मागे धक्के बसतात." तिला राणीसारखं पुढे बसवलं. मागे मी, ढब्बू आणि सुईण धक्के खात गेलो.

प्लास्टर घालून आजी परत आली तेव्हा सासूबाईंनी मला जे ऐकवायचं ते ऐकवलंच. "मी म्हटलं होतं की नाही?" आता सगळे दात असल्यामुळे एकही अक्षर वाया गेलं नाही.

"आणि तुमचा रेडिओ?" मी हळूच म्हटलं.

"तो आता दुपारी बंद," त्या म्हणाल्या, आणि विषयही बंद केला.

ह्यांनी उपाय म्हणून भिंतीला भोक पाडलं, त्यातून दोरी ओवली आणि आमच्या बाजूला सायकलची घंटी बसवली. काही लागलं तर आजीने दोरी ओढायची. आजी दिवसातून वीसदा ओढते. कधी "मांजर आलंय," कधी "काही नाही, चालतेय का बघितलं." ढब्बूला ते फार आवडतं. पण माझा स्वभाव मला गप्प बसू देईना. समजा तिला दोरी ओढता आलीच नाही तर? न वाजलेली घंटी मला कशी ऐकू येणार?

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक वाटी घेतली. आमचा डबा भरलेला होता, तो झाकून ठेवला आणि आजीच्या दारात गेले. कडी आता आत नाही, बाहेरून काढता येणारा आकडा आहे.

"आजी, वाटीभर साखर द्या. उद्या आणून देते."

तिने मला खालून वर पाहिलं. "पैसे येतात ना गं तुला?"

"येतात."

"तरी मागतेस? लाज नाही वाटत?"

"नाही."

"मग बस," ती म्हणाली, आणि ढब्बूला प्लास्टरवर घोड्यावर बसवावं तसं बसवलं. वाटी शिगोशीग भरली. मग माझ्या डोळ्यांत बघत वरचा ढीग बोटाने सावकाश परत डब्यात सारला.

आता मी रोज जाते. न्हावी तिच्याकडे कात्री मागायला येतो, न्हावी असून! सुईण काडेपेटी मागते. आजी सगळ्यांवर ओरडते, "कमावते झालात आणि भिकेला लागलात!" आणि टोपली विणता विणता दाराकडे बघत राहते.

तुमच्या शेजारीही असं कुणीतरी असेलच. त्यांच्याकडे सगळं आहे, कशाची अडचण नाही, त्यांनी कधी काही मागितलेलं तुम्हाला आठवत नाही. संध्याकाळी खिडकीत उजेड दिसतो म्हणून तुम्ही निश्चिंत असाल. मीही होते. हे वाचणं जरा बाजूला ठेवा, स्वयंपाकघरातून एक रिकामी वाटी घ्या आणि जाऊन त्यांचं दार वाजवा. आतून शिव्या आल्या तरी चालेल.