चाळीस खोळी भुसा

सुगनाच्या पाठीवर पुरळ उठलं, तेव्हा अलकाताईंना वाटलं पाणी बाधलं असेल. मग दुसरीच्या मानेवर उठलं, तिसरीच्या दंडावर. मूळच्या त्या गणिताच्या शिक्षिका. दीड वर्षापूर्वी नानाखेड्यापलीकडच्या मुलींच्या वसतिगृहाचा चार्ज त्यांच्या गळ्यात पडला होता. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या चाळीस मुली दोन हिवाळे फरशीवर सतरंजी टाकून निजल्या. अर्ज करकरून अखेर या जानेवारीत नव्या गाद्या आल्या, त्याला आज चौथा दिवस.

सुगनाची गादी त्यांनी दाबून पाहिली. आत काहीतरी करकरलं. त्यांनी कात्रीनं शिवण उसवली आणि पिवळाधमक भुसा भसाभस फरशीवर सांडला.

"मैडम, यह तो खाखला है," सुगना म्हणाली. "हमारी भैंस खाती है."

मुली खुदकन हसल्या.

"तुम लोगों को पता था?"

"पहली रात से. हमने सोचा, सरकारी गद्दा ऐसा ही होता होगा."

अलकाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भुशापेक्षा त्या वाक्यानं गेली.

त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार म्हणजे प्रभाकरकाका. टावर चौकात त्यांचं दुकान, अलकाताईंच्या वडिलांशी जुना घरोबा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच आले, हातात माल पोचल्याची पावती घेऊन.

"सही राहिली होती बघ तुझी."

"काका, आत भुसा आहे."

"भुसा काय म्हणतेस अगं? नॅचरल फायबर म्हणतात त्याला. फॉरेनला लोक मुद्दाम मागून घेतात."

"गादी म्हटलं की कापूस, काका."

"ऑर्डरीत गद्दा लिहिलाय. आत काय भरायचं ते कुठं लिहिलंय?" काका खुर्चीत ऐसपैस बसले. "आणि आपल्यात काय कमी लेखलंय का याला? साथरा म्हणायचे आपले वाडवडील. प्रभू रामचंद्र चौदा वर्षं गवताच्या साथऱ्यावर निजले."

"राम वनवासात होते, काका. या मुली शाळेत आहेत."

काकांचा चेहरा उतरला, पण आवाज मऊच राहिला. "अलका, आपली मराठी माणसं या हिंदी मुलखात किती? एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं. ह्या पोरी घरी तरी कशावर झोपतात?"

साथरा हा शब्द अलकाताईंनी आयुष्यात एकदाच ऐकला होता, वडील गेले तेव्हा. गुरुजी म्हणाले होते, खाली उतरवा, साथरा घाला. तोच शब्द हा माणूस थंडीत कुडकुडणाऱ्या पोरींच्या अंगाखाली सारत होता, आणि वर रामाचं नाव घेत होता.

"द्या ती पावती," त्या म्हणाल्या.

काकांनी पेनही पुढं केलं. अलकाताईंनी छापील ओळीवर काट मारली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'गद्दे प्राप्त नहीं हुए. गद्दे के खोल में भरा गेहूँ का भूसा प्राप्त हुआ, नग चालीस.' मग सही केली.

"तू माझं नाव बुडवतेयस," काका उठत म्हणाले.

"मी फक्त जे आलं त्याचं नाव लिहिलंय."

दुपारी विभागातून साहेबांचा फोन आला. "मैडम, शब्द बदल दीजिए. 'गुणवत्ता में आंशिक कमी' लिखिए."

"सर, आप एक रात इस पर सोकर देखिए. फिर जो शब्द आप कहेंगे, लिख दूँगी."

पलीकडून फोन ठेवला गेला.

चार दिवसांनी नोटीस आली: शासकीय कागदावर अशोभनीय भाषा वापरल्याबद्दल खुलासा द्यावा. तिच्या झेरॉक्स काढून अलकाताईंनी चाळीस मुलींच्या पालकांना धाडल्या, सोबत पावतीची नक्कल. पुढच्या सोमवारी नऊ गावांतली माणसं विभागाच्या दारात येऊन बसली. सुगनाच्या बापानं उसवलेली खोळ खांद्यावर टाकून आणली होती आणि साहेबांच्या टेबलावर ती झटकली.

कापसाच्या गाद्या आल्या फेब्रुवारीच्या अखेरीला. तोवर मुली पंखे लावू लागल्या होत्या. मार्चमध्ये अलकाताईंचा चार्ज काढून घेतला. प्रभाकरकाकांचा ठेका तसाच राहिला. आता ते दुसऱ्या वसतिगृहाला पलंग पुरवतात.

चार्ज घेताना नव्या बाईंनी सहज विचारलं, "कोई खास बात, मैडम?"

"जो माल आएगा, उसे फाड़कर देखना," अलकाताई म्हणाल्या, आणि कात्री त्यांच्या हातात दिली.