आरशातली चांदणी

नऊ नंबरच्या टेबलावर आरसेबाईंनी कोपऱ्यात पारा उडालेला आरसा ठेवला, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या वर्षाची यादी मॅडमनी सकाळीच हातात दिली होती. मानसशास्त्र, प्रात्यक्षिक, चोवीस नावं. नवव्या ओळीवर आपलं आडनाव दिसलं तेव्हा बाईंचं बोट तिथेच अडलं. मग त्यांनी पुढचं नाव वाचलं. धाकट्या जावेचं. घरात दिवसातून पन्नासदा हाक मारायचं ते नाव टाइप होऊन आलं तर कुणा परक्या, शिकल्यासवरल्या बाईचं वाटत होतं.

यादीत ते असणार हे त्यांना ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं वेगळं आणि छापून येणं वेगळं.

या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं शिपाई होत्या. पहिल्या वर्षाची मुलं इकडे फिरकत नसत. दुसऱ्या वर्षाला प्रयोग सुरू होत आणि पहिला प्रयोग कायम आरशाचा. कागदावर दुहेरी रेघांची एक चांदणी छापलेली. हात पत्र्याच्या आडोशाखाली. समोरच्या आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. डावं उजवं होत नाही, पण वर जायचं तर हात खाली येतो आणि शहाणीसुरती माणसं कोपऱ्यावर अडकून घाम पुसतात. एकाने पेन्सिल धरायची, तो प्रयुक्त. दुसऱ्याने घड्याळ धरायचं आणि चुका मोजायच्या, तो प्रयोगकर्ता. पाच फेऱ्यांत चुका कमी कमी होत जातात, आलेख जिना उतरल्यासारखा खाली येतो आणि माणूस शिकतो हे सिद्ध होतं.

कुणाचा जोडीदार आला नाही की हाक यायची, “आरसेबाई, जरा बसता का?” त्या बसत. पहिल्या फेरीत सात-आठ चुका करत, मग पाच, मग तीन. पोरांचा आलेख सुरेख उतरे. बावीस वर्षं झाली तरी आरसेबाईंना चांदणी काही येत नाही, हा कॉलेजातला जुना विनोद होता. त्याला त्याही हसत.

खरी गोष्ट अशी की त्यांचा हात केव्हाच तयार झाला होता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, रिकाम्या प्रयोगशाळेत, गंमत म्हणून काढता काढता. मग एक दिवस एका मुलीचा प्रयुक्त म्हणून बसल्या आणि हौसेने पाचही फेऱ्या बिनचूक काढून दिल्या. मुलीचा आलेख आडवा पडला. मनचे आकडे मांडलेस, असं म्हणून तेव्हाच्या सरांनी तिची वही बाजूला टाकली. तेव्हापासून बाई चुकायला शिकल्या. चुकणं सोपं नसतं. पहिल्या फेरीपेक्षा तिसरीत जास्त चुका होऊन चालत नाहीत. मनात हिशेब ठेवून अडखळावं लागतं. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती आणि त्यांनी कुणाला सांगितलीही नव्हती.

पदवीचा फॉर्मही आधी त्यांनीच घरी आणला होता. मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्हाला निम्मा अभ्यासक्रम तोंडपाठ आहे, बाहेरून बसा परीक्षेला, प्रात्यक्षिकापुरतंच कॉलेजात यावं लागतं. फॉर्म भिंतीवरच्या घड्याळामागे खोचला आणि त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. सकाळी लवकर उठून सासूबाईंचं सगळं आवरून बाई कामावर जायच्या, दिवसभर जाऊ बघायची. महिन्याभराने जावेने घड्याळाला सेल घालताना तो कागद काढला आणि विचारलं, “ताई, तुम्ही भरणार नसाल तर मी भरू?”

“भर की.”

दोन शब्द. वर्ष उलटलं तरी ते घशाखाली उतरले नव्हते.

जाऊ अडुसष्ट टक्क्यांनी पहिलं वर्ष पास झाली. दिराने तिला टेबललॅम्प आणला. सासूबाई आल्यागेल्याला अंथरुणावरून सांगू लागल्या की आमची धाकटी मनातलं ओळखते. मोठीच्या मनातलं काही एकाच घरात राहून तिला ओळखता आलं नव्हतं, पण हे बोलायचं कुणाशी? नवरा मोटारी दुरुस्त करणारा, साधा माणूस. त्याच्याकडे एकदा विषय काढला तर म्हणाला, “तू तर बावीस वर्षं कॉलेजात जातेस. हातच्या कांकणाला आरसा कशाला?” आणि स्वतःच्याच विनोदावर इतका खूश झाला, की बाईंनी पुढचं बोलणं भाकरीच्या पिठात मळून टाकलं.

आता सुट्टीत जावेची दुसऱ्या वर्षाची तयारी चालली होती. स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक. वहीत हिरव्या शाईने व्याख्या, लालने नावं. पोळ्या लाटता लाटता ती स्मृतीचे प्रकार घोकायची आणि मध्येच विचारायची, “ताई, ते पडद्याच्या फटीतून अक्षरं दाखवायचं यंत्र खरंच तुम्ही लावता? एकट्या?” तिच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक असे. बाईंना त्याचाच जास्त राग येई. वाईट वागणाऱ्या माणसावर जळणं सोपं असतं. हिच्यावर जळायचं म्हणजे स्वतःलाच चटके.

एक गोष्ट मात्र बाईंनी तिला सांगितली नव्हती. प्रयोगशाळेत प्रत्येकाला यादीतल्या नंबराचं टेबल नेमून मिळे, आणि टेबलं वीसच होती. पहिल्या आठवड्यात मॅडम आरशाच्याच प्रयोगाची चाचणी घेत आणि चौघांना प्रात्यक्षिक सोडून नुसत्या लेखी विषयाला पाठवत. चौघांतली एक हीच असली तर ती खोली पूर्वीसारखी आपली राहील. हा विचार मनात आला, आणि आल्यावर बाईंनी त्याला बसायला पाट दिला.

रविवारी सकाळी जावेने दाढीचा आरसा, दोन जाडी पुस्तकं आणि बुटांच्या खोक्याचं झाकण मांडून घरीच प्रयोग उभा केला. पट्टीने आखलेली चांदणी ठेवली.

“ताई, बसता का माझ्यासाठी? तुम्हाला येत नाही म्हणतात, म्हणजे माझा आलेख छान येईल.”

म्हणतात. म्हणजे कॉलेजातला विनोद घरापर्यंत आला होता. बाई बसल्या. पेन्सिल टेकवली आणि एका दमात चांदणी फिरवून आणली. कुठे थांबल्या नाहीत, कुठे रेघेला शिवल्या नाहीत. दुसरी काढली. मग कुणी सांगितलं नसताना पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि तिसरी काढली.

जाऊ मोजायचं विसरली. “अगं बाई! किती छान!”

“प्रयोग करणाऱ्याने छान म्हणायचं नसतं,” बाई फटकन बोलल्या. “छान नाही, अरेरे नाही, मानसुद्धा हलवायची नाही. तुझ्या तोंडाकडे बघून समोरच्याचा हात बदलतो. आणि घड्याळ ‘सुरू’ म्हटल्यावर नाही दाबायचं, पेन्सिल टेकल्यावर. एवढंही येत नाही आणि निघाली दुसऱ्या वर्षाला.”

टोमणा मारून त्या उठल्या आणि नळाखाली हात धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की चाचणीत मॅडम नेमक्या याच दोन गोष्टी बघतात. मागे जाऊ हिरव्या शाईत काहीतरी लिहून घेत होती. थोड्या वेळाने तिथूनच तिने हळूच विचारलं, “ताई, तो फॉर्म तुम्हाला भरायचा होता ना?”

बाईंनी नळ मोठा केला.

चाचणीच्या दिवशी जाऊ इस्त्रीची साडी नेसून आली. बाईंना बघून तिला हसू फुटलं, पण बाई स्टॉपवॉचच्या खोक्यात डोकं घालून होत्या. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांत ती एकटीच थोराड. नऊ नंबरला अंग चोरून बसली. अर्धा तास झाला तरी तिची जोडीदारीण आली नाही. कुणीतरी म्हणालं, तिला ताप आहे.

“आरसेबाई,” मॅडमनी वहीतून मान वर न करता सांगितलं, “नऊ नंबरला बसा.”

मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, सुटली बिचारी, आता आलेख सोन्यासारखा येणार. दोघे-तिघे हसले.

बाई बसल्या. आपणच मांडलेला आरसा समोर होता. पारा उडालेला डाग बरोबर चांदणीच्या वरच्या टोकावर येत होता. आरशाच्या पलीकडे जावेचा चेहरा पांढरा पडलेला. आकडे शून्य, शून्य, शून्य आले तर वहीचं काय होतं हे तिला माहीत नव्हतं. पण रविवारचा तो हात तिने पाहिला होता आणि आलेख मुळी येणारच नाही एवढं तिला कळत होतं. मॅडम तीन पावलांवर येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी या खोलीला बाईंचा हात दिसला असता. नुसतं खरं वागायचं होतं. त्याला कुणी वाईटही म्हटलं नसतं.

जावेने सूचना वाचल्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. “सुरू करा,” ती म्हणाली आणि अंगठा घड्याळावर ठेवून पेन्सिल टेकायची वाट बघत राहिली.

पेन्सिल टेकली. घड्याळ टिकटिकू लागलं. पहिल्या कोपऱ्यावर बाईंचा हात अडखळला, रेघेबाहेर गेला, गोंधळून परत आला. दुसऱ्या कोपऱ्यावर पुन्हा. मागे कुणीतरी खिदळलं. मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. पहिल्या फेरीत नऊ चुका झाल्या, नेहमीपेक्षा एक-दोन जास्त, म्हणजे उतार चांगला दिसतो.

जावेने नऊचा आकडा लिहिला. मग तिने वर पाहिलं. तिचे ओठ उघडले होते आणि डोळे काठोकाठ भरले होते.

बाईंनी तिच्याकडे आरशावरून एकदाच बघितलं, करडं.

जावेने ओठ मिटले. मान हलवली नाही, काही नाही. दुसरा कागद आडोशाखाली सरकवला आणि घड्याळ शून्यावर आणलं.