उजव्या मागावर ये

बाबांचे कान मिलच्या आवाजानं गेले. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये ते सव्वीस वर्षं जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. मागांच्या खडखडाटात तिथे कुणी बोलत नसे, सगळा कारभार हातांच्या खुणांनी चाले. मिल बंद पडून चार वर्षं झाली, तरी बाबांचे हात काही थांबले नव्हते. जेवताना मीठ हवं असलं तरी खूण. लहानपणी मला त्याची भारी मजा वाटायची. कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली.

आमचा कायाकिंगचा क्लब सिरपूर तलावावर सराव करायचा. त्या वर्षी आम्ही खंभातच्या आखाताकडे निघालो. तिथे मोठ्या भरतीचं पाणी उभ्या लाटेसारखं नदीत उलटं चढतं, आणि त्या लाटेवर होडी चालवायची होती. आई बाबांना म्हणाली, "घरी काही काम नाही, खालीच तर बसले आहात, यामिनीसोबत चालले जा."

मी बसमध्येच त्यांना बजावलं, "बाबा, तिथे सबके सामने हात नका नाचवू, प्लीज."

त्यांनी माझे ओठ वाचले. "ठीक आहे," म्हणाले, आणि दोन्ही हात खिशात घातले. तिथे पोहोचेपर्यंत हात खिशातच होते.

लाट मागून येणार होती, म्हणून क्लबमधले आम्ही तिघं नदीत आपापल्या होड्यांत तिच्याकडे पाठ करून थांबलो. ती दिसणार होती फक्त समोरच्या उंच काठावरच्यांना. तिथे आमचे कोच रघुवीरजी शिटी घेऊन उभे होते. एक शिटी म्हणजे उजवीकडे, दोन म्हणजे डावीकडे. बाबा त्यांच्या शेजारी, खिशात हात घालून.

आवाज आधी आला, आणि इतका आला की मला माझं वल्हंसुद्धा ऐकू येईना. रघुवीरजींचे गाल फुगलेले दिसत होते, पण शिटी एक की दोन, काही कळेना. मी घाबरले. खरंच घाबरले. सवयीनं बाबांकडे पाहिलं. त्यांचे हात अजून खिशातच होते. मीच बांधून टाकले होते ते.

मग ते बाहेर आले. मूठ वळून माझ्या उजवीकडे दोनदा ओढली. उजव्या मागावर ये.

मी होडी उजवीकडे वळवली आणि वल्ह्यानं बाकीच्या दोघांनाही दाखवलं. लाटेनं आम्हाला उचललं. डावीकडे, आम्ही आत्ता होतो तिथेच, पाण्याखालच्या चिखलाच्या उंचवट्यावर ती फुटली आणि गढूळ पाणी माणूसभर उंच उडालं.

आम्ही काठावर आलो. रघुवीरजी बाबांसमोर जाऊन सावकाश म्हणाले, "बाबूजी, कल फिर उतरेंगे. ये इशारे पहले सबको सिखाओगे?"

बाबांनी त्यांचे ओठ वाचले. ते माझ्याकडे बघत होते. हात पुन्हा खिशात गेले होते. सव्वीस वर्षं शंभर मागांवर ज्यांचा हुकूम चालला, ते माझी परवानगी मागत होते. मला रडू फुटलं.

मी सगळ्यांच्या देखत हात वर केला, मूठ वळली आणि पुढे ढकलली. माग चालू कर.