माणिकबाईची किल्ली

ते साल एकोणीसशे चौतीस. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. त्या साली वैशाख दोनदा आला, म्हणून महालक्ष्म्या चांगल्या अर्धा सप्टेंबर सरल्यावर बसायच्या होत्या. अकोल्याला मोर्णेच्या काठी देवीदास माळ्याचा भाजीमळा होता. त्याची बायको रुख्मिणी हिच्या घरी महालक्ष्म्या पहिल्यांदाच यायच्या होत्या. तोवर मुखवटे अमरावतीला थोरल्या जावेकडे, माणिकबाईकडे असत. धाकटीनं वेगळी चूल मांडली की एक साल आड पाळी तिची, असं सासू सांगून गेली होती. पण घर उभं करता करता सात वर्षं गेली, आणि ही सात वर्षं रुख्मिणीनं बोटांवर मोजली होती.

पण आधी तिच्या त्या बोटांबद्दल सांगायला हवं.

बाजारात ती भाजी घेऊन बसे, तिच्या शेजारी सूर्यभानजी कुलूपवाला बसायचा. म्हातारा माणूस, किल्ल्या करून द्यायचा, अडलेली कुलपं उघडायचा. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की दोघंही रिकामे. एकदा ती त्याच्या हाताकडे टक लावून बसलेली दिसली, तर तो म्हणाला, "काय पाहून राहिली व बाई? शिकतं काय?"

"शिकीन की. वांगं किडकं हाये का नाई, हे मी बोट लावून सांगतो. याच्यात काय कठीण?"

"वांगं खोटं बोलत नाई. कुलूप बोलते."

त्यानं एका जुन्या अलीगढी कुलपाचं झाकण काढून तिच्यापुढं ठेवलं. आत भाकरी रचाव्या तशा पितळेच्या पाच पट्ट्या एकावर एक. प्रत्येकीवर आपली आपली स्प्रिंग. प्रत्येक पट्टी जेवढ्यास तेवढीच वर उचलायची, कमी नाही, जास्त नाही. पाचही खाचा एका रेषेत आल्या की आतला खटका सरकतो. किल्ली हे एका फेऱ्यात करते. किल्ली नसेल तर दोन वाकड्या तारा. एकीनं खटक्यावर दाब ठेवायचा, दुसरीनं पट्ट्या उचलायच्या.

झाकण उघडं असताना रुख्मिणीला दोन दिवसांत जमलं. मग सूर्यभानजीनं झाकण बसवलं आणि तिची विद्या संपली. उन्हाळाभर एक कुलूप उघडेना. दाताखाली ओठ धरून ती तार दाबायची आणि म्हातारा हसायचा. "बाई, गायीची धार काढतं का गळा दाबतं? सैल सोड हात."

हात सैल सोडायलाच महिना गेला. मग एका दुपारी तिला कळलं, की चार पट्ट्या नुसत्या उड्या मारतात, पण एक जड लागते. तीच अडलेली. तिला हळूच उचललं तर नखाच्या मुळाशी काहीतरी टिचकल्यासारखं झालं, आणि दुसरीच पट्टी जड झाली. मग तिसरी. मेथीची जुडी हातात घेऊन उभी असलेली एक बाई शेवटी ओरडली, "घेऊ का जाऊ?" आणि त्याच वेळी कुलूप उघडलं. रुख्मिणीनं त्या आनंदात बाईला दोन जुड्या दिल्या.

पुढच्या दिवाळीपर्यंत पदराखाली कुलूप धरून, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती ते उघडू लागली. देवीदास सगळ्यांना सांगायचा, "लोकाईच्या बायका भरतकाम शिकतात, माही घरफोडी शिकून राहिली!" पण जुनी कुलपं तिच्यासाठी शोधून आणायचा तोच.

तर आवाहनाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं माणिकबाई आली. बडनेऱ्याला गाडी बदलतानाही तिनं मुखवट्यांची पेटी कुणाच्या हाती दिली नव्हती. रुख्मिणीनं दारापासून देवापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढली होती, सोळा भाज्या निवडून ठेवल्या होत्या. माणिकबाईनं कमरेची किल्ली काढली, कुलपात घातली. किल्ली फिरेना.

देवीदासनं फिरवून पाहिली. नणंद शकुननं फिरवून पाहिली. कुलूप ढिम्म. अनुराधा नक्षत्र दिवेलागणीपर्यंतच होतं. त्याआधी मुखवटे उभे राहिले नाहीत तर पाळी चुकली, आणि चुकलेली पाळी थोरल्या घरी परत जायची. कुलूप तोडायचं तर तेही नाही. लक्ष्मीच्या पेटीचं कुलूप तोडणं म्हणजे तिला हाकलून देणं, असं त्या घरात मानत. सूर्यभानजी नेमका दर्यापूरच्या बाजाराला गेलेला.

शकुनची जीभ तिखट. ती म्हणाली, "किल्ली दुसरीच आणली असन. देवी सोडवत नाई ना, वैनी?"

"शकुन!" देवीदास ओरडला.

"खरं ते बोलली. सात सालं झाले, आता काहून कुलूप अडते?"

माणिकबाईनं किल्ली जमिनीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. शकुननं पुढं केलेल्या पाण्याला तिनं हात लावला नाही. आणि खरं सांगायचं तर क्षणभर रुख्मिणीच्याही मनात तेच आलं होतं.

तिनं तारा आणल्या, पेटी पुढ्यात ओढली आणि डोळे मिटले. पहिली पट्टी चांगली. दुसरी चांगली. तिसरी उचलली तर तिच्याबरोबर चौथीही वर आली. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. दोघी एकमेकींना धरून होत्या. किल्ली बरोबर असली तरी चौथी जास्तच वर जाणार आणि खटका अडणार. तिनं तार बाहेर काढली. टोकाला पिवळा चिकटा होता. नाकाशी नेला.

"बाई, कुलपाले तेल कोणतं घालता?"

"जवसाचं," माणिकबाई भिंतीकडे पाहतच म्हणाली. "दरसाल पेटी लावताना एक थेंब. सासूबाई सांगून गेल्या होत्या, कुलपाले तेल देत जाय म्हून."

देवीदासनं कपाळाला हात लावला. जवसाचं तेल वाळलं की त्याचं वारनिस होतं. म्हणून तर ते बैलगाडीच्या जुवाला लावतात.

"शकुनबाई, घासलेट आणा," रुख्मिणी म्हणाली.

"देवीच्या पेटीले घासलेट?"

"मंग काय अत्तर लावू? आणा लवकर."

कापसाच्या वातीनं तिनं घासलेट आत सोडलं आणि पट्ट्या हलवत राहिली. बाहेर उन्हं उतरत होती. बराच वेळ दोघी बरोबरच वर-खाली होत राहिल्या. मग चौथी जरा मागं राहिली. मग सुटली. रुख्मिणीनं पाचही एकेक करून बसवल्या, खटका सरकलेला तिला बोटात कळला. तिनं तो तसाच हळूच मागं ढकलून कुलूप पुन्हा बंद केलं, तारा काढल्या आणि जमिनीवरची किल्ली पुसून जावेपुढं धरली.

"आता लावा बाई."

"तूच लाव. पाळी तुही हाये."

"पण किल्ली तुमची हाये."

माणिकबाई उठली. किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली. शकुन आत गेली आणि दुसरा तांब्या भरून घेऊन आली. या वेळी माणिकबाई पाणी प्याली. दिवा लागायच्या आत दोघी जावांनी एकेक मुखवटा उचलून उभा केला. दुसऱ्या दिवशी आंबील माणिकबाईनं केली आणि शकुननं तीन वाट्या खाल्ली.

खटका आपणच आधी उघडला होता, हे रुख्मिणीनं देवीदासला कितीतरी वर्षांनी सांगितलं. तो म्हणाला, मला तेव्हाच कळलं होतं. खरं की खोटं, कोण जाणे.

सूर्यभानजीची नजर दोन वर्षांत गेली. तो परतवाड्याला लेकीकडे राहायला गेला आणि तिथंच शांतपणे वारला. शकुन सासू झाली आणि सुनेच्या जिभेला घाबरून राहिली. माणिकबाई एक साल आड अकोल्याला येत राहिली, अगदी गुडघे चालेनासे झाले तरी. एकोणीसशे एक्कावन्नच्या थंडीत ती अमरावतीलाच वारली. देवीदासचा मळा शहर वाढलं तसा आक्रसत गेला. त्यातल्या शेवटच्या चार वाफ्यांत तो मरेपर्यंत कोथिंबीर लावत होता. रुख्मिणी सगळ्यांच्या मागं राहिली. ऐंशी पार झाल्यावर तिला दिसेना, तरी महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या ती हात लावूनच निवडायची, आणि किडकं वांगं तिच्या हातून एकदाही सुटलं नाही.