पळताना उचललेलं भगुनं

अठ्ठेचाळीस सालचा भादवा. निजामाच्या राज्यातल्या, टेंभुर्णीजवळच्या एका गावात दंगेखोरांची रोज नवी आवई उठायची. चतुराबाईचा नवरा रामकिसन अंबडला गेलेला. घरात ती, चार वर्षांची लेक आणि सासू गोजरबाई. खुबा मोडल्यापासून गोजरबाई चुलीजवळच्या बाजेवरच असायची.

जात्याचा खुंटा तुटलेला, घरात पीठ नव्हतं. म्हणून भिजवलेली अख्खी ज्वारी चतुराबाईनं घुगऱ्यांसाठी भगुन्यात घालून चुलीवर चढवली. मीठ आताच टाकू नको, दाणा निबर राहतो, असं सासू सांगत होती. दाणे फुगले होते, उकलायचे बाकी होते.

तेवढ्यात शेजारचा कडूबा ओरडत गेला, दंगेखोर वेशीत आले म्हणून.

चतुराबाईनं लेकीला पुढं घातलं, पदरानं भगुनं उचललं आणि मागच्या दारानं ज्वारीच्या उभ्या पिकात घुसली. तिथं गावातली नंदाबाई आणि आणखी बायका लपल्या होत्या. लेक भुकेनं कुरकुरायला लागली, तेव्हा तिनं अर्धकच्चे दाणे लेकीच्या हातावर ठेवले.

"आज्जीला न्हाई द्यायचं?" लेकीनं विचारलं.

चतुराबाईचा हात भगुन्यातच राहिला. तळवे भाजून फोड आलेत, हे तिला तेव्हा कळलं. भगुनं आणलं होतं. सासू आणली नव्हती. तिच्याकडं वळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

लेकीला नंदाबाईकडं सोपवून ती धावत सुटली. गाव चिडीचूप होतं. दंगेखोर आलेच नव्हते. सडकेनं लष्कराच्या गाड्या गेल्या होत्या, त्यांचाच धुरळा पाहून कडूबा ओरडत सुटला होता.

गोजरबाई बाजेवर तशीच बसलेली होती. समोरचं दार सताड उघडं.

"हाक का न्हाई मारली?" चतुराबाईला एवढंच विचारता आलं.

"मारली असती तर तू थांबली असतीस. मला उचलून किती पळाली असतीस?"

चतुराबाई बाजेपाशी बसली. सासूनं तिचे तळवे पाहिले आणि त्यांना तूप लावलं.

दुसऱ्या दिवशी रामकिसन आला. काय झालं, असं त्यानं विचारलं. चतुराबाई तोंड उघडणार, तोच बाजेवरून गोजरबाई म्हणाली, "म्यांच पिटाळलं तिला शेतात. जातच नव्हती."

रामकिसननं मान हलवली आणि तो हातपाय धुवायला गेला. चतुराबाई सासूकडं बघत जागच्या जागी उभी राहिली.