शिक्का कोणाचा

डोंगरापलीकडच्या खोऱ्याच्या प्रश्नाचं घोंगडं दोन देशांनी इतकी वर्षं भिजत ठेवलं होतं की त्याला आता वास यायला लागला होता. खोरं आमचं, असं दोघंही म्हणत. तिथल्या माणसांना आमची म्हणायला मात्र कोणी तयार नव्हतं. त्यांच्याजवळ कुठल्याच देशाचा पासपोर्ट नव्हता. आजारी पडलं तर खोऱ्यातल्या लहानशा दवाखान्यात जमेल ते करायचं, नाही जमलं तर नशिबाला बोल लावायचा.

मसुदेबाईंची ताई तिथेच राहायची. मसुदेबाई हे नाव अलीकडच्या देशाच्या परराष्ट्र कार्यालयाने ठेवलेलं. वाटाघाटींचे सगळे मसुदे त्याच लिहीत. ताई लग्न होऊन तिकडे गेली आणि मागोमाग सीमा बंद झाली. आई लवकर गेल्यामुळे धाकटीला ताईनेच वाढवलं होतं. आता ताईच्या हृदयाची झडप निकामी होत आली होती. ऑपरेशन फक्त अलीकडच्या इस्पितळात होण्यासारखं होतं आणि ते पावसाळ्याच्या आत झालं पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कार्यालयात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर बाईंना त्या टेबलावरून उठवलं असतं.

म्हणून यंदाच्या करारात बाईंनी जीव ओतून एक कलम लिहिलं. खोरं कोणाचं ते मोठ्यांनी सावकाश ठरवावं, तोवर आजाऱ्यांना प्रवासाचा परवाना मिळावा, एवढंच. परवान्यावर कोणत्या देशाचा शिक्का बसणार, हे मुद्दामच लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर ज्याचा शिक्का त्याचं खोरं, असा अर्थ निघून दुसरी बाजू उठून गेली असती. समोरच्या शिष्टमंडळाचे प्रमुख, पांढऱ्या मिशांचे प्रोफेसर, ते कलम वाचून क्षणभर थांबले, त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि पान उलटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या म्हाताऱ्यालाही कळत होतं. ताईच्या गोळ्या आजवर त्यांच्याच माणसाबरोबर पलीकडे जात होत्या.

सह्यांच्या दिवशी सकाळी बाईंच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी, साहेबांनी, बाईंना बाजूला घेतलं. निवडणूक तोंडावर आली होती, राजधानीला आता करार नको होता. पण मोडल्याचं खापरही आपल्या डोक्यावर फुटायला नको होतं.

"कलम तुम्हीच लिहिलंय," साहेब म्हणाले. "ते कुठे मोडतं हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

आपण नाही म्हटलं तर दुसरा कोणी हे करेल, आणि पुढच्या फेरीत कलम परत मांडायला आपण इथे नसू, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. असल्या समजुती घालण्यात ही वाटाघाटीवाली मंडळी पटाईत असतात. पगारच त्याचा मिळतो.

दोन्हीकडची पेनं उघडली गेली होती. बाई म्हणाल्या, "एक लहानसा खुलासा हवा होता. परवान्यावर शिक्का कोणाचा?"

"अर्थात आमचा," प्रोफेसरांशेजारचा तरणाबांड सचिव लगेच म्हणाला. मग साहेबांना काही करावंच लागलं नाही. जेवणाची वेळ होईपर्यंत काथ्याकूट झाला, आवाज चढले, आणि पेनं परत खिशात गेली. प्रोफेसर त्यात एक अक्षरही बोलले नाहीत. निघताना ते बाईंपाशी थांबले.

"दुसऱ्या कोणीही विचारलं असतं तर मला समजलं असतं," ते हळू आवाजात म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. बाईंना तिथेच बसून रडावंसं वाटलं, पण बाहेर पत्रकार उभे होते.

संध्याकाळी फोन लागला तेव्हा ताईने बातम्या ऐकलेल्या होत्या. बोलताना तिला धाप लागत होती. समोरच्यांनीच मोडता घातला ना, असं तिने विचारलं, आणि बाई हो म्हणाल्या.

"असेल कोणीतरी," ताई म्हणाली. "त्याला शिव्या देऊ नकोस. त्याचं कोणी इथे अडकलेलं असतं, तर त्याने असं केलं नसतं."

ताईने पुढच्या फेरीची तारीख विचारली. ती पावसाळा संपल्यावरची होती. बाईंनी ती सांगितली.

"बरं," ताई म्हणाली. "तेव्हा बाकीच्यांसाठी तरी भांड."